चाचा, लेमूर आणि माझं पत्रक

माझ्या घरमालकाचं, म्हणजे चाचांचं, माणूसजातीबद्दलचं मत फार बरं नव्हतं, आणि ते त्यांनी चाकणमध्ये बसून बनवलेलं नव्हतं. मादागास्करच्या रानात, शेपटीवर काळी-पांढरी वळी असलेल्या लेमूरांकडे पाच वर्षं बघून बनवलं होतं. त्यांना कुणी माकड म्हटलेलं चाचांना चालायचं नाही. खोली बघायला गेले त्याच दिवशी मी म्हटलं, "म्हणजे माकडंच ना?" तर मला खोली द्यायची की नाही याचा त्यांनी पुन्हा विचार केला. चेष्टेनं नव्हे, खरोखर केला. चाची मध्ये पडल्या म्हणून मी राहिले.

खोली त्यांच्या गॅरेजच्या वर होती, चाकण-तळेगाव रस्त्याला लागून. ट्रेलर गेला की पलंग हलायचा. मी तेव्हा एका छोट्या गटात काम करायचे. नदीवरचा फेस, रस्त्यासाठी पडणारी झाडं, डोंगरउतारावर टाकलेला राडारोडा, हे आमचे विषय. पत्रक लिहायचं, छापून आणायचं आणि शिफ्ट सुटताना कंपन्यांच्या गेटवर उभं राहून वाटायचं. पत्रक कसं लिहायचं ते मला नीट शिकवलेलं होतं. नाव घे, जागा सांग, फोटो लाव आणि कुणाची गय करू नकोस. चाचांना लिहिता-वाचता जेमतेम यायचं. पत्रक हातात घेऊन ते आधी कागद चोळून बघायचे आणि म्हणायचे, "कागुद चांगला हाय."

त्यांचं घराणं जुन्या चाकणातलं, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारं. गाड्या संपल्या तसे चाचा भोसरीला एका कारखान्यात फिटर झाले. तो कारखाना घायपाताच्या पानांतून दोरांसाठी वाख काढायची यंत्रं बनवायचा. दोन यंत्रं मादागास्करच्या दक्षिणेला गेली आणि ती बसवायला चाचाही गेले, तीन महिन्यांसाठी. यंत्र सारखं बिघडायचं म्हणून पाच वर्षं राहिले. चाची म्हणायच्या, हेच बिघडवत असतील.

झालं होतं असं, की घायपाताच्या मळ्याला लागून एक नदी होती, नदीकाठी चिंचांचं रान, आणि त्या चिंचांवर लेमूरांचा कळप. चिंचेचा कोवळा पाला आणि चिंचा हेच त्यांचं मुख्य खाणं. एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि पोचायचं चिंचेखाली, याचं चाचांना शेवटपर्यंत नवल वाटायचं. कामावर जाण्याआधी ते रोज तिथं जाऊन बसायचे. पहिले काही महिने कळपानं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. मग एके दिवशी एक मादी समोरून चालत गेली, शेपूट झेंड्यासारखी उभी धरून, आणि तिच्यामागून सगळे. तिनं चाचांकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तो हाच, असं ते सांगायचे.

लेमूरांत सत्ता मादीची. चांगली फांदी तिची, पहिली चिंच तिची. नर आधी पुढं झाला तर मुस्काटात बसते आणि तो निमूट खाली उतरतो. पोरी आईच्या कळपात राहतात, नर वयात आले की दुसरा कळप शोधत निघतात. चाचांनी हे नुसतं पाहिलं नाही, घरी आणलं. त्यांच्या घरात चाची आधी जेवायच्या. मी वर राहायला आल्यावर चाची आणि मी आधी, मग चाचा. पाहुणे असले, अगदी गावचे कारभारी असले तरी हाच क्रम. लोक कुजबुजायचे. चाची भाकरी मोडत शांतपणे म्हणायच्या, "तिकडं पाच वर्सं ऱ्हायला आन् माणूस सुधरून आला."

सकाळी चाचा गच्चीवर बसायचे. मांडी फाकवून, सदऱ्याची बटणं काढून, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून, पोट उन्हाकडे. लेमूर असेच बसतात. थंडीच्या सकाळी सगळा कळप झाडावरून उतरतो आणि ओळीनं उन्हात पोटं शेकत बसतो. अंगात ऊब आल्याशिवाय कुणी कामाला लागत नाही. आमच्या गच्चीवरून कंपन्यांच्या बसगाड्या दिसायच्या, आणि बसगाड्यांतून चाचा दिसायचे. पहिल्या शिफ्टच्या काही बायका त्यांना हात करायच्या. मला लाज वाटायची, हे कबूल करते.

गॅरेजात दोन आरोळ्या चालायच्या. आभाळातून ससाणा आला की लेमूर एक आरोळी देतात, जमिनीवरून शिकारी जनावर आलं की वेगळी. पहिली ऐकली की खाली झुडपात घुसायचं, दुसरी ऐकली की वर चढायचं. चाचांनी या दोन्ही आपल्या कारागिरांना शिकवल्या होत्या. जमिनीवरची आरोळी आली की रस्त्यावरच्या दुचाक्या आत, कारण गाड्या उचलणारा टेम्पो येतोय. आभाळातली आली की विड्या विझवायच्या, कारण चाची गच्चीच्या कठड्यावरून खाली बघताहेत.

नर भांडतात कसे, तेही ते करून दाखवायचे. मनगटाजवळच्या गाठीतून एक वास येतो. नर शेपूट त्या मनगटांवर घासून घेतो आणि दुसऱ्याच्या तोंडासमोर नाचवतो. तोही तेच करतो. रक्त नाही, चावाचावी क्वचित. ज्याला आधी वास सोसवेना तो हरला. चौकात दोन पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक समोरासमोर लागले की चाचा गाडी थांबवून खालून वर बघायचे आणि म्हणायचे, "शेपट्या हायती ह्या. त्यांच्या जरा बऱ्या व्हत्या."

आता वाटेल की आनंदी म्हातारा होता. तसं नव्हतं. त्यांना आतून एक घोर लागलेला असायचा. परत येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती आणि त्या रानाची काहीच खबर नव्हती. एकदा त्यांनी मला बिचकत विचारलं, मोबाइलवर कळेल का, ते रान अजून हाय का. मी बसल्या बसल्या शोधलं आणि जे सापडलं ते धडाधड वाचून दाखवलं. कोळशासाठी जाळलेली रानं, गुरांसाठी जाळलेली रानं, सलग दुष्काळ, आणि कुठं कळपच्या कळप नाहीसे. त्यांच्या नदीचं नाव कुठं आलं नाही, पण मी काही थांबले नाही. माझा तो विषयच होता, आवेश चढला. मान वर केली तेव्हा चाचा उठून गेले होते. चाची मला म्हणाल्या, "खरं बोलतीस, पर कवा थांबावं ते तुला कळत न्हाई." मला राग आला. मी काय खोटं सांगायला हवं होतं?

हे झालं आणि त्यानंतरच्या लग्नसराईत मला कुणीतरी एक चित्रफीत पाठवली.

चऱ्होलीकडच्या एका लॉनवरची होती. नव्या इमारतींच्या मधोमध एक हिरवळ, मांडव, आणि प्रवेशाच्या कमानीपाशी पितळी साखळीला बांधलेली एक लेमूर. डोक्यावर इवलासा फेटा. पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढत होते. मी मोबाइल चाचांपुढे धरला. त्यांनी तीनदा बघितलं. मग विचारलं, "ह्यात ऊन कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या जुन्या स्कूटरवरून तिथं गेलो. पिंजरा जनरेटरच्या शेडमागं होता, पत्र्याखाली, कायम सावलीत. राखणदाराची बायको, लताबाई, तिला चहात बुडवलेली बिस्किटं घालत होती. लताबाई परभणीकडच्या, नवऱ्याबरोबर तिथंच एका खोलीत राहायच्या. त्या म्हणाल्या, मालकांनी आणलीय, एकटीच आहे, रात्रभर ओरडते. चाचांनी एका नजरेत सांगितलं, मादी आहे, तरुण आहे, आणि शेपटीचे केस स्वतःच उपटतेय.

"एकटी मादी म्हंजी काय ते तुला सांगतो," घरी येताना स्कूटर बाजूला घेऊन ते म्हणाले. "ती जल्मल्यापासनं कुणाच्या तरी अंगाला अंग लावून झोपती. ती उपाशी ऱ्हाईल. पर एकटी न्हाई ऱ्हायची."

मी त्याच क्षणी पत्रक लिहायला तयार होते. चाचांनी थांबवलं. त्यांनी वेगळंच काम सुरू केलं. लॉनचा जनरेटर खडखडतो, हे त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं होतं. तो दुरुस्त करून देतो म्हणून ते लॉनच्या मालकाकडे, शेठकडे गेले, आणि बदल्यात एवढंच मागितलं की पिंजरा पूर्वेला न्यावा. शेठला त्यात काही बिघडेल असं वाटलं नाही. मग चाचा रोज सकाळी चऱ्होलीला जाऊ लागले. लताबाई चिंचेचा पाला आणून ठेवायच्या. चाचा पिंजऱ्याबाहेर हात पसरून उन्हाकडे पोट करून बसायचे. सहाव्या की सातव्या दिवशी आतली लेमूरही तशी बसली. हे मला लताबाईंनी सांगितलं. चाचा त्या दिवशी नुसते दुप्पट जेवले.

आणि ते शेठला पटवत होते. हळूहळू, वंगण घातल्यासारखं. कागद नसताना असलं जनावर ठेवणं गुन्हा आहे, हे न सांगता सांगत होते. शेठचं मन वळत होतं. लग्नसराई संपली की मीच वनखात्याला फोन करतो, सापडली म्हणून सांगतो, असं तो म्हणाला होता. चाचांना महिनाभर हवा होता.

मला तो महिना सहन होईना. एक माणूस गुन्हा करतो, त्याच्याच लॉनवर रोज लग्नं लागतात, आणि आम्ही त्याचा जनरेटर दुरुस्त करून देतो. मी म्हटलं, चाचा, याला तडजोड म्हणतात. ते म्हणाले, "व्हय. जनावर बाहेर येऊस्तवर तडजोड. मग तू त्याला फाडून खा."

मी ऐकलं नाही. लॉनचं नाव, फेटा घातलेल्या लेमूरचा फोटो, मोठ्या अक्षरांत प्रश्न. पत्रक देहूपासून रहाटणीपर्यंत वाटलं गेलं, मोबाइलवर त्याहून लांब गेलं. गटातले सगळे म्हणाले, आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं पत्रक. तसं ते होतंही. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा चऱ्होलीला गेले तेव्हा पिंजरा रिकामा होता. धुऊन ठेवलेला. लताबाई आणि त्यांचा नवरा रस्त्याच्या कडेला दोन गोण्या, एक गॅसची शेगडी आणि एक पंखा घेऊन बसले होते. बातमी बाहेर कुणी दिली याचा शेठनं आपल्यापुरता निकाल लावला होता. वनखात्याची माणसं दुपारी आली आणि त्यांनी रिकाम्या पिंजऱ्याचा पंचनामा केला. शेठ म्हणाला, फोटोतलं खेळणं होतं, चावीचं.

लताबाई माझ्याशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, चहा तर तिला मीच पाजत होते. मला इचारायचं तरी होतं."

चाचांनी त्या दोघांना गॅरेजच्या मागच्या खोलीत आणलं. वरच्या माळ्यावरून एक पिशवी काढली, त्यात चिंचेचा पाला भरला आणि स्कूटर सुरू केली. मी मागं बसले. नको म्हणाले नाहीत.

पुढचे आठ दिवस आम्ही भिंतींशी बोललो. लेमूर कळपातून चुकली की एक हाक देते, मांजरीसारखी सुरू होऊन लांबत जाणारी, आणि कळप तिला तसंच उत्तर देतो. चाचांना ती हाक येत होती. चऱ्होली, मोशी, आळंदीची बाजू, इंद्रायणीच्या कडेची फार्महाऊसं. जिथं उंच कंपाउंड आणि बंद फाटक दिसेल तिथं चाचा स्कूटर थांबवायचे, भिंतीला तोंड लावायचे आणि हाक द्यायचे. मग गप्प उभं राहायचं. कुत्री भुंकायची. राखणदार यायचे, विचारायचे, "काय हरवलंय, बाबा?" चाचा म्हणायचे, "पोरगी." मी ते दुरुस्त करायला तोंड उघडायचे आणि मिटायचे.

दिवस जात होते तसं चाचांचं गणित चालू असायचं. तिनं आज काय खाल्लं असेल, पाणी कसलं मिळालं असेल, अंधारात ठेवली असेल की नाही. पोत्यात असेल तर दोन दिवस जगेल, खोक्यात असेल तर आठ. त्यांचा आवाज बसला. पाचव्या दिवसापासून त्यांनी मला हाक शिकवली आणि मी देऊ लागले. नीट जमायची नाही. ते म्हणायचे, अजून घशातनं. मी कंपन्यांच्या गेटवर कितीतरी घोषणा दिल्या होत्या, पण कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून जीव टांगून कधी ओरडले नव्हते. एकाही भिंतीमागून उत्तर आलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी शेठचाच फोन आला, चाचांना. संध्याकाळी मोठं लग्न आणि जनरेटर बंद पडलेला. चाचा हत्यारांची पेटी उचलून निघाले. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, आता अट घाला, आधी जनावर, मग जनरेटर. चाचांनी मला बाजूला केलं. म्हणाले, यंत्राचा काय गुन्हा?

त्यांनी दोन तास खपून जनरेटर सुरू केला. हात धुतले, पुसले. मग शेठसमोर उभं राहून, मी शेजारी असताना, विचारलं की ती जिवंत आहे का.

शेठ पिंपाला टेकून बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय ताई, आज पत्रकं नाय आणली?" मग चाचांकडे वळला. त्याचा आवाज बदलला. म्हणाला, आहे, पण खात नाही, मलापण ते गळ्यात नको आहे. सोडतो. वनखात्याच्या नर्सरीच्या फाटकापाशी खोकं ठेवतो, कुणी ठेवलं ते कुणी विचारायचं नाही. पण त्याच्या पाहुण्यांत, पोरीच्या सासरी, नाव गेलं होतं. त्याला माफीनामा हवा होता. माझ्या हातचा. पत्रकातला मजकूर खोटा होता, फोटो बनावट होता, मी बदनामीच्या हेतूनं हे केलं, असा. चाचा म्हणाले, आणि लताबाईची नोकरी. शेठनं मान हलवली. म्हणाला, पण ह्या बाईनं पुन्हा कधी तोंड उघडलं तर लताबाई त्याच दिवशी रस्त्यावर.

मी चाचांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ते माझ्या बाजूनं काही बोलतील. सगळ्या लढ्याचा पाया खरं बोलणं, तेच मी माझ्या सहीनं खोटं ठरवायचं. माझा गट मला दारात उभी करणार नव्हता. मी हे सगळं बोलले, बरंच लांब बोलले. चाचा पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "तू खरी हायस, पोरी. कोण न्हाई म्हनतंय? पर ती तिथं खोक्यात हाय."

मी लॉनच्या कार्यालयात बसून लिहिलं. चाचांनी विचारलं, काय लिहिलंस. म्हटलं, सगळं खोटं.

"मग सही नीट वाचता येईल अशी कर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही नर्सरीच्या फाटकापाशी गेलो. सुट्या भागांचं लाकडी खोकं होतं, वर पोतं. चाचा जवळ गेलेच नाहीत. मलाच म्हणाले, तू बघ. मी पोतं उचललं. आत काहीच हललं नाही. मग कोपऱ्यातल्या अंधारात दोन नारिंगी डोळे उघडले. मी मागं वळून मान हलवली आणि चाचा फुटपाथवर मटकन खाली बसले.

वनखात्याच्या डॉक्टरबाईंनी तिला बचाव केंद्रात नेलं. तिथं बाहेरच्यांना प्रवेश नाही. चाचांना ती परत कधी दिसली नाही.

माझ्या गटानं मला काढलं, आणि त्यांच्या जागी मीही काढलं असतं. माफीनामा शेठनं चौकटीत बसवून बुकिंगच्या टेबलामागं लावला. ओळखीचे लोक लग्नाला गेले की त्याचे फोटो पाठवायचे, खाली हसणारी तोंडं. मी कुणाला काही बोलले नाही, कारण लताबाई तिथंच झाडू मारत होत्या. गेल्या दिवाळीत त्या कायमच्या परभणीला गेल्या, म्हणून आज हे लिहिते आहे.

चाचांनी माझी पाठ कधी थोपटली नाही. फक्त महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते जिना चढून वर यायचे आणि दारात उभे राहायचे. मी डॉक्टरबाईंना फोन लावायचे, आवाज मोठा करायचे. त्या सांगायच्या, आहे, खातेय, दुसऱ्या दोघींबरोबर ठेवलीय. चाचा तेवढं ऐकून खाली जायचे. या हिवाळ्यात ते गेले. रस्ता रुंद होतोय, गॅरेजचा अर्धा भाग पडलाय, मीही खोली सोडली.

गेल्या सोमवारी फोन केला तर डॉक्टरबाई वैतागल्या. म्हणाल्या, "अहो, आहे. दर महिन्याला काय विचारायचं त्यात?"